कच्च्या वहीचं डावं पान

गेल्या अंकात ओघात लिहून गेले होते, की प्रकल्प सांभाळायला मी कुठल्या वर्गात शिकले नाही, भोसरीच्या कारखान्यात माझ्या साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसून शिकले. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातल्या चार पत्रांना उत्तरं देते. बाकीच्यांनी रागावू नये. दोघांनी तर थेट नोकरीच मागितली आहे, आणि मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली.

प्रश्न : मॅडम, मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वय २९. आठ महिन्यांपूर्वी टीम लीड झालो, हाताखाली नऊ जण आहेत. कंपनीने एक सीनियर मेंटॉर म्हणून नेमून दिलेत. महिन्यातून एकदा अर्धा तास कॉल होतो. माणूस चांगला आहे, गप्पाही रंगतात, पण कॉल संपला की हाती काही लागलं असं वाटत नाही. अडलं की मी विचारतो, ते सांगतात, मी करतो. पुढच्या वेळी पुन्हा तिथंच अडतो. माझं काय चुकतंय?
– टीम लीड, वाकड

उत्तर : तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. ‘मी विचारतो, ते सांगतात, मी करतो’ हे तुझं वाक्य पुन्हा वाच. यात डोकं कोणाचं चालतंय? तुझे तर फक्त हात चालतायत. हीच चूक मी केली होती, आणि ती कशी उतरली ते सांगते.

१९८७ सालचा जुलै. आम्ही स्पेशल पर्पज मशीन बनवायचो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एकाच ठरावीक कामासाठी घडवलेलं मशीन. मी प्लॅनिंगमध्ये, डिप्लोमा करून चार वर्षं झालेली, आणि शॉप फ्लोअरवर मीच एकटी बाई. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून बेडचं कास्टिंग, म्हणजे मशीनच्या खालच्या सांगाड्याचं ओतीव लोखंड, आलं होतं. प्लेनरवर, म्हणजे लोखंड सपाट कातायच्या मशीनवर, पहिला कट घेतला आणि ऑपरेटर सांगत आला, ‘बाई, ब्लो होल निघालंय.’ लोखंड ओतताना वायू आत अडकला की कास्टिंगमध्ये पोकळी राहते, ते ब्लो होल. वरून दिसत नाही, कातलं की उघडं पडतं. मशीन दसऱ्याआधी गिऱ्हाइकाकडे उभं राहायचं होतं. खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा करायची, असं त्या मालकांनी ऑर्डर देतानाच बजावलेलं. नवं कास्टिंग मागवायचं म्हणजे पाच आठवडे. मी धावत साहेबांच्या टेबलाशी. ‘साहेब, काय करू?’

साहेबांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘चहा सांगितलाय. तो येईपर्यंत तू काय करशील ते लिहून दे.’

मी लिहिलं : भोक वेल्डिंगने बुजवावं, गिऱ्हाइकाला एवढ्यात कळवू नये. चहा आला. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, ‘भोक कुठंय?’

मला माहीत नव्हतं. मी पाहायला गेलेच नव्हते. ऑपरेटरच्या तोंडचं ऐकून थेट पळत आले होते.

दोघंही खाली गेलो. बेडच्या पायाशी असतं तर बुजवून चाललंही असतं, तिथं काही सरकत नाही, काही घासत नाही. पण ते होतं स्लाइडवेच्या कडेला, जिथून सॅडल, म्हणजे मशीनचा सरकता भाग, दिवसभर मागंपुढं धावणार. वरून करंगळीच्या पेराएवढं दिसत होतं. साहेबांनी सायकलच्या चाकाचा एक जुना स्पोक मागवला आणि आत घातला. दोन इंच गेला. स्पोक बाहेर काढून, कुठवर काळा झालाय तिथं नखाने धरून, त्यांनी तो माझ्यासमोर धरला. बोलले काहीच नाहीत.

वर आलो तोवर चहावर साय धरलेली. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या, आणि पुढची तेहतीस वर्षं मी त्याच विचारत आले. हे चुकलं तर मागं फिरता येईल का? चुकलंय हे आपल्याला किती दिवसांत कळेल? आणि चुकल्याचा भुर्दंड कोणाच्या पदरात पडेल? वेल्डिंग केलं असतं तर मागं फिरता आलं नसतं, कळायला वर्ष गेलं असतं, आणि भुर्दंड गिऱ्हाइकाच्या पदरात. नवं कास्टिंग मागवलं तर उशीर आजच कळतोय आणि शिव्या आपल्याच पदरात. त्याच संध्याकाळी फाउंड्रीला ट्रंक कॉल लावला आणि गिऱ्हाइकाला नव्या तारखेचं पत्र गेलं. ते पत्र साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं. चार वेळा.

आता वहीचं. साहेबांकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक कच्ची वही असायची. मोठा निर्णय झाला की डाव्या पानावर तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, कोणता पर्याय सोडला आणि पुढं काय होईल असं वाटतं. उजवं पान कोरं. तीन महिन्यांनी वही उघडून उजवं पान भरायचं. आमचं ते मशीन दसरा उलटून १२ दिवसांनी गेलं. पण गंमत अशी, की गिऱ्हाइकाचं फाउंडेशनच तयार नव्हतं, पावसाचं पाणी साचून खड्डा तसाच पडलेला. त्यामुळे उशिराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी खूश, म्हटलं आपला निर्णय बरोबर ठरला. साहेबांनी उजव्या पानावर लिहिलं : ‘निर्णय ठीक. दिवसांचं गणित चुकलं. नशिबाने वाचलो.’ तीन वाक्यं, तीन वेगळ्या ओळींवर. आपण ही तिन्ही एकाच ओळीत कोंबतो आणि मग काय शिकायचं तेच कळत नाही. डावं पान आधी लिहिलेलं नसलं की उजव्या पानावर माणूस स्वतःशी खोटं बोलतो. मी बोलले असते.

तर तुझं काय करायचं? कॉलच्या दोन दिवस आधी तुझ्या मेंटॉरना अर्धं पान पाठव. प्रश्न पाठवू नकोस, तू काय ठरवतोयस ते पाठव. रिलीज पुढं ढकलायची की दोन फीचर काढून टाकायची, तुझं मत कुठं झुकतंय, का झुकतंय, आणि भोक कुठं आहे हे तू स्वतः जाऊन पाहिलंयस का. मग अर्धा तास त्या कागदावरच बोला. ते ‘असं कर’ म्हणाले की लगेच वहीत उतरवून घेऊ नकोस. विचार, की सर, तुम्ही दुसरा कोणता पर्याय मनात आणून सोडून दिलात? लोक आपण काय केलं ते हौसेने सांगतात, काय सोडलं ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आणि एकदा त्यांना म्हण, की तुमचा एखादा निर्णय व्हायच्या आत मला मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसू द्या. झाल्यावर ऐकलेला निर्णय म्हणजे पानात वाढलेली पुरणपोळी. पुरण कडेला चिकटत होतं तेव्हा हात कसा फिरला, ते स्वयंपाकघरात बसल्याशिवाय दिसत नाही.

नवं काम सुरू करताना साहेब आणखी एक करायचे. सगळ्यांना गोळा करून म्हणायचे, ‘समजा, दसरा उलटून गेलाय आणि मशीन इथंच उभं आहे. का, ते प्रत्येकाने लिहा.’ ‘काय अडचण येईल’ असं विचारलं की सगळे गप्प बसतात, कारण अपशकुनी कोण होणार? पण अडचण आलीच आहे असं धरून विचारलं की स्टोअरचा पोरगाही सांगतो, ‘साहेब, ते बेअरिंग आपण अजून मागवलंच नाही.’ याला प्रीमॉर्टेम म्हणतात, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली त्यावर लिहिल्यापासून ते जगभर माहीत झालं. आमच्या साहेबांना हे नाव कधी कळलं नाही. तुझ्या रस्त्यावरचंच उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल आठव. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला, तरी थोडा भाग उभा राहिलाच. पण राडारोडा उपसायला पोकलेन आणि डंपर आधीच रांगेत उभे होते, त्यांनी उरलेलंही काढलं आणि महामार्ग त्याच दिवशी सुरू झाला. स्फोट फसला तर काय, हा प्रश्न स्फोटाच्या आधी विचारायचा असतो.

प्रश्न : पीएमपीची (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) परीक्षा देऊ की आधी चांगला मेंटॉर शोधू?
– इंजिनीअर, निगडी

उत्तर : दोन्हींचं भांडण नाही. पदवीधराला त्या परीक्षेला बसायलाच तीन वर्षं प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे नुसत्या पाठांतरावर भागत नाही, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे. परीक्षेमुळे चारचौघांत बोलायचे शब्द मिळतात, नोकरी बदलताना त्यांचा उपयोग होतो. प्लेटिंगवाला, म्हणजे पार्टना मुलामा देणारा, तीन दिवस फोन उचलत नाही तेव्हा त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं की दुसरा शोधायचा, ते मात्र माणसाकडूनच शिकावं लागेल. फी भरण्याआधी कंपनी ती परत देते का, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या सासूबाई २६ वर्षं सदाशिव पेठेतून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. परदेशातही पार्सलं जातात. यंदा त्यांनी सगळं माझ्यावर सोपवलंय. मी आधी बँकेत होते, मला आकड्यांची सवय. काहीही विचारलं की सासूबाई म्हणतात, ‘अंदाजाने कळतं गं.’ गेल्या वर्षी मी एक आठवडा एकटीने पाहिलं तर चिवड्याचे डबे भरून तयार आणि अनारसे कमी पडले. हा अंदाज शिकायचा कसा?
– सूनबाई, सदाशिव पेठ

उत्तर : तुमच्या घरात मेंटॉर आहे, फक्त तिला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. अंदाज म्हणजे २६ दिवाळ्यांचा हिशेब, कागदावर न मांडलेला. ‘अंदाज कसा करता?’ असं त्यांना विचारू नका, त्यांना सांगताच येणार नाही. पोळी गोल कशी लाटतेस, असं मला विचारलं तर मी तरी काय सांगणार? घडलेलं विचारा. ज्या वर्षी दिवाळीत पाऊस लांबला होता तेव्हा काय आधी केलंत? कोणाची ऑर्डर परत पाठवलीत? त्या गोष्ट सांगतील, आणि नियम त्या गोष्टीच्या पोटात असेल. दुसरं, त्यांनी डब्यात हात घालण्याआधी तुम्ही तुमचा आकडा मोठ्याने बोला. ‘पाच किलोच्या चकलीला मोहन एवढं.’ मग त्या घालतील ते वजन करून पाहा. पंधरा दिवसांत तुमचा आकडा त्यांच्या जवळ सरकायला लागेल. नाही सरकला तर का नाही, यावरून जे बोलणं होईल तीच तुमची शिकवणी.

आता अनारशांचं. तुम्ही चिवड्यापासून सुरुवात केलीत, कारण तो सोपा, एका सकाळीत होतो आणि डबे भरलेले दिसले की जिवाला बरं वाटतं. पण अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत पंचावर पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून मळायचं आणि मग ते पीठ काही दिवस मुरू द्यायचं. यातला एकही दिवस पैसे टाकून विकत घेता येत नाही. कामाला चार बायका जास्त लावल्यात म्हणून तांदूळ दीड दिवसात भिजत नाहीत. बाकी सगळं मागंपुढं झालं तरी चालेल, पण ही साखळी एक दिवस सरकली की पार्सल एक दिवस सरकतं. ड्यूपॉन्ट या अमेरिकेतल्या रसायनांच्या कंपनीने आणि रेमिंग्टन रँडच्या माणसांनी १९५७ च्या सुमारास कारखान्यांच्या कामासाठी हेच गणित संगणकावर मांडलं, त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. तुमच्या सासूबाई दसरा झाला की तांदळाचा डबा काढत असतील, पाहा बरं. आमच्या मशीनचा अनारसा म्हणजे तो बेड. बेड आल्याशिवाय बाकीच्या जोडणीला हात लागत नाही.

तुम्ही बँकेतल्या, म्हणून एक आकडेमोडही देते. अमेरिकेच्या नौदलाने १९५८ साली पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात ही रीत वापरली. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे : सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं बिघडलं तर. नेहमीच्या आकड्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. समजा भाजणी दळून आणायची आहे. गिरणी रिकामी असेल तर एक तास, एरवी दोन, आणि दिवाळीची रांग लागून वर वीजही गेली तर नऊ. एक, अधिक आठ, अधिक नऊ, म्हणजे अठरा. भागिले सहा, म्हणजे तीन तास. तुम्ही दोन धराल आणि रोज एक तास मागं पडाल. हे तीन आकडे सासूबाईंकडूनच काढा. ‘सगळ्यात वाईट काय झालं होतं?’ एवढं विचारलंत तर त्या तासभर थांबणार नाहीत.

ऑर्डरी कोणत्या तारखेला बंद करायच्या, ते मात्र या वर्षी तुम्हीच ठरवा, आणि ठरवण्याआधी त्यांना विचारू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनने लिहून टाका. त्या काय म्हणतात ते मला कळवा.

प्रश्न : मी बांधकाम क्षेत्रात ३६ वर्षं काढली. निवृत्तीनंतर तरुणांना विनामूल्य मार्गदर्शन करावं म्हणून सोसायटीच्या फलकावर सूचना लावली. तिघे आले, दुसऱ्यांदा एकही आला नाही. या पिढीला ऐकून घ्यायचंच नाही असं माझं मत झालं आहे. आपलं मत काय? (पत्र संक्षिप्त केलं आहे.)
– ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : काका, तुमचं मूळ पत्र पाच पानांचं होतं. मी ते दोनदा वाचलं. तुम्ही बांधलेल्या इमारती त्यात आहेत, तुम्ही वाचवलेलं सिमेंट आहे, तुम्ही वठणीवर आणलेले ठेकेदार आहेत. ते तिघं काय विचारायला आले होते, हे मात्र पाचांपैकी एकाही पानावर नाही.

रागावू नका, मीही तुमच्याच बाकावर बसलेली आहे. दोन वर्षांपूर्वी चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमधली मुलगी माझ्याकडे येऊ लागली. हुशार, आणि बोलायला कमी. तिचा एक हीट ट्रीटमेंटवाला, म्हणजे पार्ट भट्टीत तापवून कडक करून देणारा, माल कायम उशिरा द्यायचा. तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत मी म्हटलं, ‘बदलून टाक. अशी माणसं सुधारत नाहीत.’ मी भोसरीत असे किती पाहिले, तेही ऐकवलं. तिने बदलला. नव्या माणसाकडे पार्ट वाकडे व्हायला लागले आणि तिचा माल तीन आठवडे अडकला. मग कळलं, की जुना माणूस उशीर करायचा, कारण याच लांब, बारीक पार्टसाठी तो भट्टी अर्धीच भरायचा आणि सावकाश थंड करायचा. उशीर दिसत होता, पण तोच उशीर वाकडेपणा पोटात घालत होता. तिला हे अर्धंमुर्धं माहीत होतं. मला म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.’

भोक कुठंय, हे ज्या बाईला पंचविशीत शिकवलं होतं, ती साठीत विसरली. त्या रात्री मी कच्ची वही काढली. निवृत्तीनंतर त्यात काही लिहिलंच नव्हतं. डाव्या पानावर लिहिलं : ‘विचारायच्या आधी सांगितलं.’ उजवं पान अजून कोरं आहे, कारण ती मुलगी महिनाभर आली नाही, मग एकदा आली, आणि आता अधूनमधून येते. जुन्या माणसाला तिने परत आणलं, ते स्वतःच्या बुद्धीने.

फलकावरची सूचना राहू द्या. ‘दुपारी १ ते ४ येऊ नये’ ही ओळ मात्र खोडा. नोकरीतल्या पोरांना शनिवारची दुपारच मोकळी असते. चौथं कोणी आलं की काकूंना चहा टाकायला सांगा आणि पोराच्या हातात कागद द्या. चहा येईपर्यंत त्याने लिहायचं आणि तुम्ही बोलायचं नाही. ती दहा मिनिटं फार जड जातात, मला माहीत आहे. मी तोंडात बडीशेप धरते.